गहाण

गनाडो येथील त्या जुन्या दुकानात पाऊल टाकले, पायाखालच्या लाकडी फळ्या करकरल्या आणि मला एकाएकी बार्शीची आमची पेढी आठवली. उंच, रुंद काउंटर, त्यामागे छतापर्यंत गेलेली फडताळे, मधल्या मोकळ्या जागेत उभे राहणारे गिऱ्हाईक आणि पलीकडून त्याच्याकडे पाहणारा दुकानदार. आमच्याकडे एवढाच फरक की गिऱ्हाईक खाली सतरंजीवर बसत असे आणि बाबूजी गादीवर. जॉन लोरेन्झो हबेल यांनी १८७८ मध्ये घेतलेले हे दुकान १९६७ पासून अमेरिकी राष्ट्रीय उद्यान विभागाकडे आहे. पण व्यापार थांबलेला नाही. गालिच्यांच्या थप्प्या आजही आतल्या खोलीत रचलेल्या असतात.

गेल्या सप्टेंबरात आम्ही बावीस जण पुण्याहून निघालो होतो. बहुतेक सारे व्यापारी घरांतले, बरोबर स्वयंपाकाला महाराज. ग्रँड कॅन्यन पाहून नावाहो लोकांच्या प्रदेशात शिरलो आणि पहिल्याच संध्याकाळी फजिती झाली. अ‍ॅरिझोना राज्यात उन्हाळ्यात घड्याळ पुढे करीत नाहीत. नावाहो प्रदेशात मात्र करतात. सूर्यास्ताच्या वेळांचा कागद अ‍ॅरिझोनाच्या वेळेचा आणि फोनमधील घड्याळे तासभर पुढे गेलेली. चौविहाराचे नियमवाले चौघे ‘वेळ टळली’ म्हणून भरली ताटे बाजूला सारून बसले. शेवटी जाऊबाई म्हणाल्या, ‘‘अहो, आकाशाकडे बघा की!’’ सूर्य समोरच्या लाल सुळक्यावर चांगला हातभर वर होता.

कॅन्यन डी शे या दरीत स्थानिक वाटाड्याशिवाय उतरता येत नाही. दरी १९३१ पासून राष्ट्रीय स्मारक असली तरी जमीन नावाहोंची आहे. तळाशी त्यांची शेते आहेत. आमच्या वाटाड्या बाई साठीच्या असाव्यात. त्या स्वतःच्या लोकांना ‘दिने’ म्हणत. सुमारे ८०० फूट उंचीचा ‘स्पायडर रॉक’ दाखवून त्यांनी सांगितले की, विणकाम शिकवणारी कोळी-माता त्याच्या माथ्यावर राहते. मग सूर बदलला. १८६४ मध्ये किट कार्सनच्या मोहिमेत सैन्याने शेते जाळली, पीचची हजारो झाडे तोडली आणि हजारो माणसांना शेकडो मैल पायी चालवत न्यू मेक्सिकोतील बॉस्क रेडोंडो येथे नेऊन डांबले. १८६८ च्या तहानंतर उरलेले परतले. पुढे १९३० नंतरच्या दशकात, कुरणे उजाड होतात म्हणून सरकारने त्यांच्या मेंढ्या-शेळ्या सक्तीने कमी केल्या. कित्येक कळप जागीच गोळ्या घालून मारले. हे सांगताना बाईंना थांबावे लागले. आमच्यातील एकजण हळूच म्हणाला, ‘‘एरवी खाणारच होते ना!’’ मला ते बोलणे आवडले नाही. मांसाहार आम्हाला वर्ज्य आहे. पण बाईंचे दुःख खोटे नव्हते. लोकर, वीण, हुंडी, लेकीबाळींचे देणेघेणे, सारा संसार त्या कळपावर उभा होता.

परत येताना बाईंनी आजीच्या चांदीच्या पट्ट्याची गोष्ट सांगितली. तो दर हिवाळ्यात दुकानात गहाण पडे आणि वसंतात लोकर विकली की सुटे. घरी एखादा विधी निघाला तर दुकानदार दोन दिवसांपुरता पट्टा उसना देई. एका वर्षी लोकरीचा भाव पडला. पट्टा पुन्हा दिसला नाही.

या दुकानदारांविषयी मी नंतर वाचले. पीठ, साखर, कॉफी उधार देणारे तेच, पत्र वाचून दाखवणारे तेच, कित्येकदा प्रेत पुरण्याचे कामही त्यांच्याकडेच येई. आणि १९७३ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने आपल्या अहवालात चढे भाव आणि गहाण वस्तूंचे गैरव्यवहार यांबद्दल दोष दिला तोही त्यांनाच. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या असू शकतात, हे व्यापाऱ्याच्या मुलीला कोणी समजावून सांगायला नको. बाबूजीही लग्नसराईत गहाण दागिना दोन दिवस परत देत. कोर्टाचा कागद वाचून देत. मुदतही वाढवून देत, पण एकदाच.

गॅलपला, नावाहो प्रदेशाच्या बाहेर, चांदीच्या दागिन्यांची दुकाने ओळीने आहेत. सुनेसाठी फिरोज्याचा एक हार मी गळ्याशी धरून पाहिला. यजमानांनी घासाघीस करून भाव बराच खाली आणला होता. हाराला दोऱ्याने एक जुनी, पिवळी पडलेली चिठ्ठी बांधलेली होती, तिच्यावर आकडे. दुकानदाराने अभिमानाने सांगितले की हे ‘मृत गहाण’ आहे, म्हणजे मुदतीत न सोडवलेले, आणि म्हणूनच खरे, जुने.

मी हार खाली ठेवला. यजमान नाराज झाले. ठरलेला सौदा मोडणे त्यांना आवडत नाही.

१९७२ च्या दुष्काळात एक धनगर बाई आमच्या पेढीवर लहान मुलाचे वाळे घेऊन आली होती. मी तेव्हा नऊ वर्षांची होते. बाबूजींनी वाळे तोलले, चिठ्ठी बांधली, पैसे दिले. त्यात खोटे काही नव्हते, काटा चोख होता. मुदत सरल्यावर ती आली की नाही, मला ठाऊक नाही. एवढे ठाऊक आहे की माझ्या लग्नात दिलेले चांदीचे ताट ‘पेढीवरच्या चांदीचे’ आहे, असे आई कौतुकाने सर्वांना सांगत असे. पर्युषणाच्या पारण्याला मी आजवर त्याच ताटात जेवत आले.

त्या रात्री हॉटेलमधून दादाला फोन केला आणि त्या सालच्या गहाणवट्याच्या वह्यांविषयी विचारले. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, ‘‘माळ्यावर असतील, वाळवी लागली नसेल तर. पण ताई, त्यांतली माणसे आता कुठे शोधणार तू?’’

दिवाळीला वहीपूजनासाठी बार्शीला जाणार आहे. माळ्याची शिडी तेवढी दुरुस्त करून ठेव, असे त्याला कळवले आहे.