एकट्याची राहुटी

‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली, तो बहुधा बदलीच्या खात्यात नोकरीला असावा. माझेच पाहा ना! दिल्लीच्या एका सरकारी वसाहतीत गेली आठ वर्षे मी राहतो आहे. पण पत्र्याची एक पेटी, दोन खुर्च्या, एक खाट आणि उन्हाळ्यात खडखडणारा कूलर यांपलीकडे माझा संसार गेलेला नाही. पत्नी साताऱ्यास एका माध्यमिक शाळेत शिकवते; आईही तिथेच. दिवाळी आणि मे महिना सोडला, तर चहाचा एकच पेला विसळायचा, एकाच पानापुरती पोळी करायची, याची मला चांगली सवय झाली आहे. अशा माणसाला एकट्याने राहण्याजोगे घर निवडणे मुळीच कठीण जाऊ नये. तरीही दीड किलो वजनाचे, कापडाचे, एका माणसाचे घर निवडण्यात माझे तब्बल आठ महिने गेले. त्याचीच ही हकीकत.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये मी लडाखमध्ये मरखा नदीच्या खोऱ्यातून पायी हिंडत होतो. खोऱ्यातल्या गावांत पाहुण्यांना घरी उतरवून घेण्याची सोय आहे. त्यामुळे पहिल्या मुक्कामांना तंबू पाठीवर नुसताच झोपून होता. पुढे कोंगमारू खिंडीच्या अलीकडे निमालिंगचे विस्तीर्ण कुरण लागते. पावणेपाच हजार मीटरांच्या आसपासची उंची, समोर कांग यात्सेचे हिमशिखर, खाली याक आणि मेंढ्या चरताहेत. आडोशाला मात्र झाड म्हणून नाही. अशा ठिकाणी मी माझा स्वस्तातला तंबू मोठ्या डौलाने उभारला. दुपार कलली, वारा उठला, आणि काचतंतूची एक काठी कडकन् मोडली. तिच्या टोकांनी बाहेरचे कापड हातभर फाडले. पुढचा अर्धा तास मी त्या फडफडत्या कापडावर चक्क पालथा पडून होतो. कारण उठलो असतो, तर ते थेट खिंडीपलीकडे गेले असते! खोऱ्यातल्या गावकऱ्यांनी पॅराशूटच्या कापडाचा मोठा तंबू तिथे उभारला होता. तिथल्या एका प्रौढ बाईने मला हाताला धरून आत नेले आणि चहा दिला. तिने हिंदीत एकच प्रश्न विचारला, “अकेले?” मी मान डोलावली. तिनेही डोलावली, पण तिच्या डोलावण्याचा अर्थ निराळा होता.

लेहला परतल्यावर साताऱ्यास फोन केला आणि सांगितले, “प्रवास उत्तम झाला.”

वारा मला नवा नव्हता. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला वाऱ्याची ओळख करून द्यावी लागत नाही. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर ओंजळभर पाणी खाली भिरकावले, की ते उलटे तोंडावर येते, हा खेळ आम्ही शाळकरी वयात खेळलो आहोत. पण त्या गडावर निजायला लेणी आहेत, देऊळ आहे. आमच्या डोंगरांत पूर्वजांनी दगडातच घरे कोरून ठेवली आहेत. त्यामुळे सह्याद्रीचा वारा आम्ही पाहतो तो बहुधा पाठीशी कातळ घेऊन. निमालिंगला पाठीशी काहीच नव्हते.

दिल्लीला आल्यावर मी रीतसर एक नस्ती उघडली. कारकुनाला संकट समजून घेण्याचा दुसरा मार्ग ठाऊक नसतो. रकाने आखले : वजन, उंची, काठ्या, कापड, तणावे, किंमत. कचेरीत आम्ही दरपत्रकांचा तुलनात्मक तक्ता करतो आणि अटी पुऱ्या करणाऱ्यांत ज्याचा दर सर्वांत कमी, त्याला काम देतो. तंबूंच्या बाबतीत मी प्रथम हाच न्याय वजनाला लावला. किलोभराहून कमी वजनाचा एक तंबू पहिला आला. तो चालताना हातात धरायच्या काठीवर उभा राहतो. वेगळ्या काठ्या नकोतच. मी हरखलो. मग ध्यानात आले, की अशा तंबूचा सगळा जीव मेखांत असतो. एक मेख निघाली, की घर बसले! निमालिंगची जमीन दगडगोट्यांची; तिथे मेख चार बोटे आत जाते आणि खडकाला लागून वाकते. ज्या अटीवर सगळे अवलंबून, ती अट मी तक्त्यात घातलीच नव्हती. कचेरीतही असे घडते, असो.

वाऱ्याचे गणित समजून घेताना मला पहिला धक्का बसला. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, की त्याचा दाब दुप्पट होत नाही, चौपट होतो. ब्यूफर्टने १८०५ साली आखलेल्या मोजपट्टीत सहाव्या पायरीचा वारा म्हणजे ताशी ३९ ते ४९ किलोमीटर. त्यात छत्री सांभाळणे अवघड जाते. पावसाळ्यात मुंबईच्या समुद्रकाठी चाललेल्या कोणालाही तो परिचित असेल. आठव्या पायरीला वेग ६२ च्या पुढे जातो, आणि तिथे माझ्या पहिल्या तंबूची गोष्टच नको. एवढ्या उंचीवर हवा विरळ, समुद्रसपाटीच्या सुमारे तीन-पंचमांश घनतेची असते; त्यामुळे त्याच वेगाचा धक्का काहीसा सौम्य लागतो, एवढाच दिलासा.

मग आकार. बोगद्यासारखा तंबू वजनाच्या मानाने ऐसपैस असतो आणि वाऱ्याकडे टोक करून लावला तर उत्तम टिकतो. वारा कुशीवर आला, की मात्र तो वाकतो. डोंगरी खोऱ्यात दिवसा उतार तापतात व वारा खोऱ्यातून वर चढतो. रात्री थंड हवा त्याच वाटेने खाली उतरते. अरुंद खोऱ्यात हे येणे-जाणे एकाच रेषेत होत असल्याने बोगदा चालून जाईल. पण निमालिंग म्हणजे उघडी परात. तिथे बाजूच्या नाळांतूनही झोत उतरतात. अशा जागी दोन काठ्या एकमेकींना छेदणारा, बुटका, घुमटाकार तंबू बरा. दिशेचा त्याला फारसा विधिनिषेध नसतो, आणि काठ्या जिथे छेदतात तिथे त्या एकमेकींना सावरतात. उंची मीटरभर पुरे. उठून बसता आले म्हणजे झाले. उभे राहायला बाहेर सगळा लडाख आहे.

काठ्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या हव्यात. काचतंतूची काठी चिरफाळते, धातूची आधी वाकते. आणि वाकलेल्या काठीवर आखूड नळी सरकवून रात्र काढता येते. कापडाच्या बाबतीत नायलॉन चिवट खरा, पण ओला झाला की सैल पडतो. पॉलिएस्टर कमी ताणतो. आतून पॉलियुरेथेनचा लेप असलेले कापड आपल्या दमट हवेत पेटीत पडून राहिले, की काही वर्षांनी चिकट होते. सिलिकोनचा लेप त्या मानाने टिकाऊ. आतला पडदा नुसत्या जाळीचा असला, तर लडाखची बारीक धूळ अंथरुणात येऊन बसते. आणि कापड दुहेरी हवेच. कारण झोपलेला माणूस रात्रभरात पेलाभर पाणी श्वासातून बाहेर टाकतो, आणि एकेरी कापडावर तेच थेंब होऊन पहाटे त्याच्याच कपाळावर पडते.

या अभ्यासात मला मॉरिस विल्सन भेटला. १९३४ साली हा इंग्रज एव्हरेस्टवर एकट्याने चढू पाहत होता. पुढच्या वर्षी एरिक शिप्टनच्या तुकडीला त्याचा देह सापडला. भोवती वाऱ्याने फाडलेल्या तंबूचे अवशेष होते, जवळ त्याची दैनंदिनी होती. तो तंबूमुळेच मेला असे म्हणता येणार नाही. तो थकलेला होता, उपाशी असावा. तरी त्या फाटक्या कापडाचे चित्र काही दिवस माझ्या डोळ्यांपुढून हलेना. ‘प्रवास उत्तम झाला’ हे माझेच वाक्य मला रात्री ऐकू येऊ लागले.

२०२५ च्या मे महिन्यात शाळेला सुटी लागून पत्नी दिल्लीला आली. कूलरवर झाकलेले कापड तिने ओढले आणि त्याची फाटलेली कड बोटांत धरून विचारले, “हा तुमचा तंबू ना? हे कधी झाले?”

मी सगळे सांगितले. पालथे पडल्याचेही सांगितले. ती बराच वेळ कापडाची घडी घालत राहिली. घडी केव्हाच पुरी झाली होती. पुन्हा जाऊ नका, असे ती म्हणेल आणि मी वाद घालीन, अशी माझी तयारी होती. पण तिने विचारले, “नवा कोणता घेताय?”

मी उत्साहाने नस्ती पुढे केली. तिने तक्ता शिक्षिकेच्या नजरेने वाचला आणि म्हणाली, “दोघांचा किती जड असतो?”

“तीनशे-चारशे ग्रॅमनी.”

“एवढाच फरक?”

मी कारणे सांगू लागलो. मोठ्या तंबूचे कापड अधिक, वारा अधिक धरतो; सपाट जागा अधिक लागते; एकट्याच्या उबेने तो तापत नाही. प्रत्येक कारण खरे होते. पण सांगता सांगताच मला जाणवले, की माझ्या तक्त्यात सहा रकाने होते, आणि ‘माणसे’ असा रकाना मी आखलाच नव्हता. आठ महिन्यांत तो आखावा, असे मला एकदाही वाटले नव्हते. वाऱ्याने तंबू मोडला त्याहूनही ही गोष्ट मला अधिक भयाची वाटली.

तिला माझ्या चेहऱ्यावरून ते कळले असावे. “एकट्याचाच घ्या,” ती म्हणाली. “जायचे एकट्यालाच आहे. मला तिथली थंडी सोसणार नाही. पण जे घडेल ते सांगायचे. उत्तम झाले, असे नाही सांगायचे.”

दीड किलोचा, छेदत्या काठ्यांचा, दुहेरी कापडाचा तंबू आला. सुटी संपण्याआधी एका संध्याकाळी आभाळ मातकट झाले, आंधीची चिन्हे दिसू लागली, आणि आम्ही दोघे गच्चीवर धावलो. सिमेंटात मेखा कशा ठोकणार? तिने विटा आणि शेजाऱ्यांच्या कुंड्या गोळा केल्या. शाळेत ती गाईड होती. सरकवून आवळता येणारी गाठ तिने मला शिकवली. दोर दगडाला बांधायचा आणि त्यावर दुसरा मोठा दगड टाकायचा, ही युक्ती मी तिला दाखवली. आंधी आली. तंबू दबला, उठला, थरथरला. पण जागचा हलला नाही. एका कोपऱ्याचा तणावा सैल होता, तो तिनेच जाऊन ओढला. मला तेव्हा प्रथम नीट कळले, की राहुटी काठ्यांवर उभी असते हे अर्धेच खरे. परस्परविरुद्ध दिशांना ताणलेले तणावे तिला उभी ठेवतात. एकाही बाजूने ओढणे थांबले, की दुसरीकडच्या ओढीनेच ती कलंडते.

ऑगस्टमध्ये मी पुन्हा निमालिंगला गेलो. पॅराशूटच्या तंबूत चहा घेतला आणि मग पन्नास पावलांवर माझी राहुटी लावली. दुपारचा वारा तिने सोसला. रात्री दोनच्या सुमारास उलटा झोत आला आणि कानाशी टपकन् आवाज झाला. कंदील डोक्याला बांधून बाहेर आलो. एक मेख उपटून तणाव्याच्या टोकाशी नाचत होती. बोटे बधिर झाली होती. तरी गाठ जमली. धोंडा ठेवला आणि आत जाऊन पडलो. झोप लागली नाही, पण भीतीही वाटली नाही.

चार दिवसांनी लेहहून साताऱ्यास फोन केला.

“रात्री दोन वाजता एक मेख उपटली,” मी सांगितले.

“मग?”

“दगड ठेवला.”

“केवढा?”

आणि मी, फोन कानाशी दाबून, भर बाजारात दुसऱ्या हाताने त्या दगडाचे माप दाखवू लागलो.