पॉपस्टारचं प्रगतिपुस्तक

जे. डी. मॅकक्वीनच्या गाण्यांनी शाळकरी मुलींना वेड लावलंय, पण गणितात त्याची पार दांडी गुल झाली आहे. मार्क इतके घसरतात की घरचे त्याचं नाव चारचौघांसारख्या शाळेत घालतात. तिथे जेन ब्रायटन भेटते. तिचं गणित पक्कं, पण परीक्षा म्हटली की हातपाय गळतात. तो तिची भीती घालवणार, ती त्याचं गणित सुधारणार आणि या देवाणघेवाणीत दोघांचं जमणार, हे प्रेक्षकाला सुरुवातीलाच कळून चुकतं. 2005 साली थेट डीव्हीडीवर आलेला ‘पॉपस्टार’ हा सिनेमा याहून मोठी हाव धरत नाही.

तरी तो आज वेगळ्या नजरेने पाहावा लागतो, तो आरन कार्टरमुळे. जे. डी.ची भूमिका त्याने केली ती वयाच्या सतराव्या वर्षी, आणि त्याला अभिनय असा फार करावाच लागला नसेल. त्याचा मोठा भाऊ निक ‘बॅकस्ट्रीट बॉइज’ या गायकवृंदातला. 1997 मध्ये बर्लिनला या भावाच्या कार्यक्रमाआधी आरन रंगमंचावर उभा राहिला तेव्हा तो जेमतेम 9 वर्षांचा होता. 2000 साली, बाराव्या वर्षी, त्याचा ‘आरन्स पार्टी’ हा अल्बम आला आणि एकट्या अमेरिकेत 30 लाख प्रतींच्या घरात गेला. पुढच्याच वर्षी तो ब्रॉडवेवर ‘स्यूसिकल’ या संगीतिकेत काम करत होता. अशा धबडग्यात जगणाऱ्या मुलांची शाळा त्यांच्या मागोमाग फिरते. कॅलिफोर्नियात तर सेटवरच्या मुलांसाठी दिवसाला 3 तास अभ्यासाचे राखून ठेवावे लागतात आणि शिकवायला शिक्षक तिथेच हजर असतो. अभ्यास होतो. वर्ग मात्र नसतो, मधली सुट्टी नसते, डब्यातली भाजी वाटून घेणारं कुणी नसतं.

या जातकुळीच्या सिनेमांना पोरकट म्हणून बाजूला सारणं सोपं आहे, पण त्यांनी एक गोष्ट नेमकी हेरलेली असते. गाजलेल्या मुलाच्या भोवती असतात ती बहुतेक माणसं त्याच्या कमाईवर जगतात. मॅनेजर, ध्वनिमुद्रण कंपनी, नृत्य बसवणारे, गाडी चालवणारे आणि पुष्कळदा आईवडीलसुद्धा. त्याला ‘नाही’ म्हणणं यातल्या कुणालाच परवडत नाही. शाळेत मात्र कुणाचं पोट त्याच्यावर अवलंबून नसतं. त्याचं उत्तर चुकलं तर जेन ‘चुकलं’ म्हणू शकते. ती आधीपासून त्याची चाहती आहे, तरीही म्हणू शकते. या सिनेमातलं प्रेम खरं वाटतं ते तिथे. पुढच्याच वर्षी सुरू झालेल्या ‘हॅना मोंटाना’ मालिकेचं सगळं कथानकही साध्या शाळेच्या याच भुकेवर उभं होतं. सोनेरी विग घातला की गायिका, काढला की वर्गातली एक मुलगी.

ब्रिटनी स्पिअर्सलाही शाळेचं हे मोल कळलं होतं, असं तिच्या पहिल्या व्हिडिओवरून वाटतं. ‘बेबी वन मोअर टाइम’साठी दिग्दर्शक नायजेल डिक यांच्या डोक्यात वेगळंच काही होतं. शाळेची कल्पना सोळा वर्षांच्या ब्रिटनीची. 1998 च्या उन्हाळ्यात लॉस एंजेलिसच्या व्हेनिस हायस्कूलमध्ये चित्रीकरण झालं. ‘ग्रीस’ सिनेमातली शाळाही हीच. व्हिडिओच्या सुरुवातीला ती बाकावर बसली आहे, पेन्सिल आपटते आहे, पाय हलवते आहे, कधी एकदा घंटा होते असं तिला झालंय. घंटा होते आणि सगळा वर्ग लॉकर असलेल्या बोळात येऊन नाचू लागतो. कपडे एका स्वस्त दुकानसाखळीतून आणले होते, कुठलाही कपडा 17 डॉलरहून महाग नव्हता, असं डिक यांनी पुढे सांगितलं. घंटेची वाट बघणं हे ज्या मुलीच्या आयुष्यातून आता कायमचं जाणार होतं, तिनेच ते जगभरच्या मुलांसाठी करून दाखवलं.

खरोखर शाळेत जाता जाता गाजलेल्या मुलीही आहेत. न्यूझीलंडच्या लॉर्डने ‘रॉयल्स’ हे गाणं 2012 मध्ये शाळेच्या सुट्टीत ध्वनिमुद्रित केलं. वर्षभराने ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचलं तेव्हा ती 16 वर्षांची होती. तिच्या लेखणीत जो ठामपणा आहे, त्यात ऑकलंडमधल्या साध्या वर्गाचा वाटा आहे असं म्हणायला जागा आहे.

‘पॉपस्टार’मध्ये आधीच्या पिढीचा गायक डेव्हिड कॅसिडीही आहे. ‘पार्ट्रिज फॅमिली’ ही मालिका 1970 मध्ये सुरू झाली आणि त्याचा चेहरा अमेरिकेतल्या पोरांच्या डब्यांवर, रंगवायच्या पुस्तकांवर झळकू लागला. त्या मालाच्या विक्रीतला आपला वाटा मिळाला नाही, म्हणून 2011 मध्ये, साठी उलटल्यावर, त्याला कोर्टाची पायरी चढावी लागली. दोन पिढ्यांचे लाडके गायक एका सिनेमात आहेत आणि त्या दोघांच्याही आयुष्याचं दुखणं, म्हणजे पैशाचा हिशेब, त्या सिनेमाच्या वाटेला येतच नाही. तिथे गणित म्हणजे फक्त परीक्षेचा पेपर.

हे दुखणं जुनं आहे. चॅप्लिनच्या ‘द किड’मधला (1921) जॅकी कूगन लाखो डॉलर मिळवून मोठा झाला आणि हाती काहीच नाही म्हणून त्याने आई आणि सावत्र वडिलांवर दावा लावला. 1 लाख 26 हजार डॉलर पदरात पडले. त्या बोभाट्यातून 1939 मध्ये कॅलिफोर्नियात कायदा झाला, पण त्यात पळवाटा होत्या. मुलाची कमाई मुलाच्याच मालकीची आणि त्यातले 15 टक्के सज्ञान होईपर्यंत विश्वस्त खात्यात, हे नीट ठरायला 2000 साल उजाडलं. म्हणजे ‘आरन्स पार्टी’चंच वर्ष.

आरनने 2013 मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. 20 लाख डॉलरहून अधिक देणी, त्यात मोठा भाग कराचा. यातलं बरंचसं तो अज्ञान असतानाचं आहे, असं त्याच्या वतीने तेव्हा सांगण्यात आलं. नोव्हेंबर 2022 मध्ये कॅलिफोर्नियातल्या लँकेस्टरच्या घरी तो स्नानाच्या टबात मृतावस्थेत सापडला. वय 34. औषधाच्या आणि हुंगलेल्या वायूच्या अमलाखाली अपघाताने बुडून मृत्यू, असा वैद्यकीय निष्कर्ष निघाला. या मुलाला जेनसारखी कुणीतरी खरोखरच मिळायला हवी होती.

महाराष्ट्राने ‘सा रे ग म प लिटल चॅम्प्स’च्या मुलांवर 2008-09 मध्ये जीव ओवाळून टाकला आणि तेव्हापासून घराघरांत गाणाऱ्या मुलांकडे नव्या आशेने पाहिलं जातं. अशा पालकांसाठी केंद्र सरकारचे 2017 चे नियम आहेत. 14 वर्षांखालच्या बालकलाकाराला दिवसाला 5 तासांहून जास्त काम देता येत नाही, सलग 27 दिवसांहून जास्त नाही, शाळा बुडवता येत नाही. निर्मात्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते आणि कमाईतले किमान 20 टक्के मुलाच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत टाकावे लागतात. पालकहो, करारावर सही करण्याआधी ती परवानगी दाखवायला सांगा आणि ठेवीची पावती मुलाच्या प्रगतिपुस्तकाशेजारी जपून ठेवा.