पाणी तोडू नका, वेळ बांधा

"आम्हाला कुत्र्याचे पिल्लू हवे" हा हट्ट आपल्या शाळेतल्या बहुतेक घरांत केव्हा ना केव्हा झालेला असतो. आमच्या घरी तो दोन वर्षे चालला. शेवटी गल्लीतल्या कुत्रीचे दोन महिन्यांचे पिल्लू आम्ही घरी आणले. झोपताना ते अंगाचे वेटोळे करते म्हणून मुलांनी त्याचे नाव 'जिलबी' ठेवले. इंदूरच्या मुलांना दुसरे काय सुचणार! पिल्लाला घरात शी-शू न करण्याची सवय लावताना आम्ही जे शिकलो ते सर्वांच्या उपयोगी पडावे म्हणून हा लेख.

आमच्या घरी आजी, आम्ही दोघे आणि दोन मुले. आजींच्या खुब्याचे ऑपरेशन झालेले. ओल्या फरशीवरून त्यांचा पाय घसरला तर काय होईल, हा विचारही नको वाटे. म्हणून त्यांनी पहिल्याच दिवशी अट घातली, "दीड महिना देते. तोवर घर कोरडे राहिले नाही तर पिल्लाला दुसरे घर बघायचे." अट कडक होती, पण चुकीची नव्हती. मुलांचे चेहरे उतरले आणि आम्ही सगळे कामाला लागलो.

पहिला सल्ला शेजारून आला, "पाणी कमी द्या, आपोआप शू कमी होईल." ऐकायला हे अगदी बरोबर वाटते. पण दिवस एप्रिल अखेरचे, पारा चाळिशीच्या पुढे. आम्ही पशुवैद्यांना विचारले. त्यांनी स्पष्ट सांगितले की पिल्लाचे पाणी कधीही तोडायचे नाही. कुत्र्याला दर किलो वजनामागे दिवसाला साधारण ५० ते ६० मिलिलिटर पाणी लागते. पिल्लाला, त्यातही उन्हाळ्यात, त्याहून जास्त. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकून ते शरीर थंड करते आणि त्यात पाणी खर्च होते. शिवाय तहानलेले पिल्लू वाटी दिसली की एकदम ढसाढसा पिते आणि मग फरशी हमखास ओली होते. म्हणून दिवसभर वाटी भरलेली ठेवायची. रात्री झोपण्यापूर्वी दीड-दोन तास ती उचलायची, पण उकाडा असेल तर मध्ये दोन घोट द्यायचे आणि झोपण्याआधी पिल्लाला एकदा बाहेर न्यायचे.

मग प्रश्न उरतो तो वेळेचा. पिल्लू जितक्या महिन्यांचे, त्यात एक मिळवला की जास्तीत जास्त तितके तास ते धरू शकते, असा एक ठोकताळा आहे. म्हणजे दोन महिन्यांचे पिल्लू फार तर तीन तास. जागेपणी, खेळताना तेवढेही नाही. झोपून उठल्यावर, पाणी प्यायल्यावर, खेळून झाल्यावर आणि जेवल्यानंतर अर्ध्या तासाच्या आत त्याला बाहेर न्यावेच लागते. थोरलीने जुन्या वहीत रकाने आखले : पाणी, जेवण, खेळ, शू, शी. घरातल्या प्रत्येकाने वेळ लिहायची. आठवड्याभरात वही बोलू लागली. सकाळी जेवल्यावर वीस मिनिटांनी शी, दुपारच्या झोपेनंतर लगेच शू, हे अगदी ठरलेले. जमीन हुंगत गोल गोल फिरू लागली की क्षणाचाही उशीर करायचा नाही, हे धाकट्याने सर्वांत आधी हेरले. 'जिलबी गोल फिरतेय' अशी हाक आली की जो जवळ असेल त्याने तिला उचलून मागच्या अंगणात न्यायचे. जागा एकच, पेरूच्या झाडाखालची. तिथे काम झाले की लगेच शाबासकी आणि उकडलेल्या अंड्याचा छोटा तुकडा.

जेवणही घड्याळावर बांधले. तीन महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा, पुढे सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा आणि नंतर दोन वेळा. ताटली वीस मिनिटांनी उचलायची. अन्न दिवसभर समोर राहिले तर शीची वेळ कधीच ठरत नाही. येता-जाता बिस्किट, पोळीचा तुकडा देणे बंद केले. गाईचे दूध अनेक पिल्लांना पचत नाही, पोट बिघडते आणि सगळी शिस्त वाहून जाते. कांदा, लसूण, मनुका, चॉकलेट तर कुत्र्याला विषासमान. आणखी एक गोष्ट लक्षात आली. मऊ भातात पाणी बरेच असते, कोरड्या खाद्यात फार थोडे. म्हणून कोरडे खाद्य दिले की वाटी लवकर रिकामी होते आणि बाहेरची फेरी त्याप्रमाणे लावावी लागते.

व्यायामाचेही तसेच. चालण्या-पळण्याने पोट मोकळे होते आणि रात्री झोप शांत लागते. पण लसींचा क्रम पूर्ण होईपर्यंत, म्हणजे साधारण चार महिन्यांपर्यंत, पिल्लाला रस्त्यावर सोडायचे नाही. पार्व्होसारख्या रोगात पिल्ले दगावतात. आम्ही अंगणातच दहा-दहा मिनिटे चेंडू खेळवत असू, तेही सकाळी लवकर आणि ऊन उतरल्यावर. फरशीवर आपला तळहात पाच सेकंद टेकवता आला नाही तर तिचे पायही भाजणार.

तिसऱ्या आठवड्यात सगळे बिघडले. दिवसातून पंधरा-वीस वेळा थेंब थेंब शू, तीही घरात. आजी काही बोलल्या नाहीत, पण धाकटा जेवेना. वही घेऊन आम्ही पशुवैद्यांकडे गेलो. आदल्या दिवसापर्यंतच्या नोंदी पाहून त्यांनी लघवी तपासली. मूत्रमार्गात जंतुसंसर्ग निघाला. औषधे सुरू झाली आणि पाणी भरपूर द्यायला सांगितले. आठवड्यात ती बरी झाली. पाणी तोडण्याचा सल्ला आम्ही मानला असता तर त्या उन्हाळ्यात तिचे काय झाले असते? म्हणूनच सांगावेसे वाटते, शिकलेले पिल्लू अचानक चुकू लागले तर रागवण्याआधी तपासून घ्या. मारणे, नाक घासणे याने पिल्लू एवढेच शिकते की माणसासमोर शू करायची नाही, आणि मग ते पलंगाखाली जाते. घरात झाले तर जागा नीट धुऊन पातळ व्हिनेगरने पुसावी. वास राहिला की पिल्लू पुन्हा तिथेच जाते. फिनाईल मात्र चाटले गेले तर घातक असते.

पुढे रस्त्यावर फिरवू लागलो तेव्हा पिशवी आणि जुने वर्तमानपत्र बरोबर घेण्याचा नियम केला. २०१७ ते २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणांत आपले इंदूर सतत पहिल्या क्रमांकावर राहिले, शेवटच्या वर्षी सुरतच्या जोडीने. त्या कामात आपल्या कुत्र्याची घाण उचलणे हा आपला वाटा आहे.

दीड महिना संपला तेव्हा वहीत सलग नऊ दिवस 'घरात' हा रकाना कोरा होता. आजींनी चष्मा लावून तो स्वतः तपासला. पहाटे पाचला उठणाऱ्या त्याच, त्यामुळे पहिली फेरी आता त्यांच्याकडे आहे. काठी एका हातात आणि जिलबी पुढे.

मुलांनो, पिल्लू मागण्यापूर्वी आई-बाबांसमोर एक कागद ठेवा. रात्री दोनला कोण उठणार, परीक्षेच्या दिवसांत दुपारची फेरी कोणाची, पाण्याची वाटी कोण भरणार, हे त्यावर नावांनिशी लिहा. कुत्रा बारा-चौदा वर्षे आपल्याबरोबर राहतो. आणि पालकांनो, त्या कागदावर तुमचेही नाव असू द्या.