डिग्रीचं सोड, समुद्राचं बोल

प्रिय रूमी,

तुझा डॉक्टर भाचा मालदीवला यायचं म्हणतोय आणि त्याच्या आईला घोर लागलाय, ‘तिकडे आपली डिग्री चालते का?’ वाचून हसूच आलं. तू ब्रिटनच्या प्लॅब परीक्षेसाठी मँचेस्टरला जाऊन खोट्या पेशंटांची हसतमुखाने विचारपूस केलीस. रशिया-चीनहून शिकून आलेली आपली पोरं तर मायदेशातच एफएमजीई परीक्षेपायी झुरतात. इथे एमबीबीएसचा कोर्सच २०१९ साली सुरू झाला. त्यामुळे आमच्याकडचा अस्सल मालदीवी सर्जनसुद्धा नेपाळात शिकलेला. सगळेच परदेशी डिग्रीवाले, कोण कोणापुढे नाक वर करणार?

कागदपत्रं मात्र चोख हवीत. डिग्री, अनुभवाचा दाखला, आपल्या कौन्सिलचं गुड स्टँडिंग सर्टिफिकेट. इथल्या मेडिकल अँड डेंटल कौन्सिलचं रजिस्ट्रेशन हातात पडेपर्यंत पेशंटला हात लावायचा नाही.

खरी परीक्षा घेतो तो समुद्र. बाराशेच्या आसपास बेटं, वस्ती त्यातल्या दोनशेहून कमी बेटांवर, आणि लोकसंख्या पाचेक लाख, म्हणजे आपल्या सांगली-मिरज-कुपवाडएवढी! पण मिरजेत शिकताना अडलं की जिन्यावरूनच सरांना हाक मारता यायची. मध्यंतरी रात्री एक तान्हं पोर आलं, श्वासागणिक छाती आत ओढली जात होती. मोठ्या हॉस्पिटलला न्यायचं, तर सीप्लेन अंधारात उडत नाही. राहिली स्पीडबोट, तीही ऐन पावसाळ्यात. एका हाताने बाळाचा मास्क धरलाय, दुसऱ्याने कठडा, आणि ऑक्सिजनचा सिलिंडर गडगडू नये म्हणून एका खलाशाने तो दोन्ही पायांत आवळून धरलाय. आई माझ्याकडे बघत नव्हती, सिलिंडरच्या काट्याकडे बघत होती. पलीकडच्या धक्क्यावर अँब्युलन्स उभी होती. पोर सुखरूप आहे.

भाषेचं म्हणशील, तर आई धिवेहीत पाच मिनिटं सांगते आणि नर्स मला सांगते, ‘फीवर, डॉक्टर.’ मग मी सरळ आजीला गाठते. हिंदी सिनेमांवर पोसलेली पिढी ती. ‘रातभर रोया, डॉक्टरसाब,’ हे अशा काही सुरात म्हणते की आपणही रडावं.

थॅलेसीमिया इथे फार. दर पाच-सहा माणसांमागे एक वाहक, त्यामुळे रक्त चढवायला येणारी पोरं नावानिशी ओळखीची होतात. मलेरिया नाही, २०१५ मध्येच देश मलेरियामुक्त जाहीर झाला. ती कसर डेंगीने भरून काढलीय.

पगार बरा आहे, पण मिळतो रुफियात, आणि त्याचे डॉलर करून घरी पाठवताना नाकी नऊ येतात. हे त्याला आधीच सांग, एजंट सांगत नाहीत. जेवायला भात आणि ट्यूनाचं पातळ सार, गरुधिया. वर लिंबू, मिरची, कांदा. मला आवडतं. तुझ्या भाच्याला मटणाशिवाय घास उतरत नाही, तेव्हा कठीणच.

माझं मत विचारशील, तर इंटर्नशिप संपवून लगेच येऊ नको म्हणावं. दोन वर्षं गर्दीच्या कॅज्युअल्टीत काढू दे, एकट्याने श्वासनलिकेत ट्यूब टाकायची सवय होऊ दे, मग बघू. आणि बोट लागते का तेही विचार. लागत असेल तर अवोमीनची पाकिटं सांगलीहूनच आणू दे, आणि दोन माझ्यासाठीही.

तुझीच जुनी रूममेट,
रूमी