बेडलॅमला जाऊन आलो

लंडनला जाऊन आलेल्या माणसाला आपल्याकडे तीन प्रश्न हमखास विचारतात. राजवाडा पाहिला का, थंडी कितपत होती, आणि तिकडे भाजी काय भावाने मिळते. २०२३ च्या मे महिन्यात आम्ही उभयता तीन आठवडे लंडनला राहून पुण्याला परतलो, तेव्हा या तिन्ही प्रश्नांची उत्तरे मी तयार ठेवली होती. पण संध्याकाळी कट्ट्यावर जमणाऱ्या आमच्या मंडळींपैकी एकाने चौथाच प्रश्न विचारला, "सगळ्यांत काय आवडलं?" आणि माझ्या तोंडून निघून गेले, "वेड्यांचं इस्पितळ."

मंडळी खो खो हसली. "मग परत कसं सोडलं तुला?" असे एकाने विचारलेच. पुण्यात येरवड्याचे आणि मुंबईत ठाण्याचे नाव निघाले की हा विनोद ठरलेला. मीही तो आयुष्यभर केला आहे. त्या दिवशी मात्र मला हसता आले नाही. का, ते सांगायचे तर आधी माझ्या पुतणीविषयी सांगायला हवे.

ही माझ्या थोरल्या बंधूंची, अण्णांची, एकुलती एक मुलगी. पुण्याला बी.फार्म. झाली, मग इंग्लंडला गेली. तिकडे परदेशी फार्मासिस्टांसाठी असतो तो अभ्यासक्रम, त्यानंतर वर्षभर उमेदवारी आणि मग परीक्षा, असे सगळे सोपस्कार करून ती नोकरीला लागली. कुठे, असे कोणी विचारले की आमच्या सौभाग्यवती "मोठ्या हॉस्पिटलात" एवढेच सांगत. हे मोठे हॉस्पिटल म्हणजे बेथलेम रॉयल हॉस्पिटल, अर्थात जगातले सर्वांत बदनाम वेड्यांचे इस्पितळ. बेथलेमचा लोकांच्या तोंडी अपभ्रंश होऊन 'बेडलॅम' झाले, आणि इंग्रजी भाषेत गोंधळ-गोंगाटाला तोच शब्द रूढ झाला. आपण 'ठाणं' म्हणतो, तसे ते 'बेडलॅम' म्हणतात.

एका सकाळी ती म्हणाली, "काका, आज माझ्याबरोबर येता का? वॉर्डात तुम्हांला नेता येणार नाही, पण तिथलं म्युझियम सगळ्यांना खुलं असतं. दुपारी जेवायच्या सुट्टीत मी भेटेन."

सौभाग्यवतींनी दुकाने पाहणे पसंत केले आणि मी एकटा पुतणीबरोबर निघालो. लंडन ब्रिज स्टेशनावरून गाडी धरली. घरांच्या मागच्या बाजूची चिमुकली परसे, दोरीवर वाळत घातलेले कपडे, मधूनच एखादे मैदान, असे पाहत पाहत ईडन पार्क नावाच्या लहानशा स्टेशनावर उतरलो. तिथून थोडे चालले की इस्पितळाचे फाटक लागते. उंच भिंती, गज, कुलपे असे काहीबाही मनात धरून मी गेलो होतो. समोर पाहतो तो प्रशस्त हिरवळ, जुनी झाडे आणि त्यांत विखुरलेल्या लाल विटांच्या बैठ्या इमारती. एखाद्या जुन्या कॉलेजच्या आवारात शिरल्यासारखे वाटले. वॉर्डांची दारे अर्थात कुलूपबंद असतात, पण ती फाटकातून दिसत नाहीत.

पुतणी कामावर गेली आणि मी म्युझियममध्ये शिरलो. आत जाताच दोन दगडी पुतळे सामोरे येतात. केयस गॅब्रिएल सिबर या शिल्पकाराने ते घडवले. एक विषण्ण, हातपाय सैल टाकून पडलेला. दुसरा उन्मत्त, तोंड वेंगाडलेला, साखळदंडात जखडलेला. सतराव्या शतकात हे पुतळे इस्पितळाच्या फाटकावरच बसवले होते. म्हणजे आत येणाऱ्या रोग्याला दारातच कळावे की आपण या दोघांपैकी कोण!

इस्पितळाचा इतिहासही मोठा. १२४७ साली लंडनच्या बिशप्सगेट भागात एक मठ म्हणून त्याची सुरुवात झाली. १६७६ साली रॉबर्ट हूक या शास्त्रज्ञाने रचलेल्या राजवाड्यासारख्या इमारतीत ते मूरफील्ड्सला गेले. १८१५ साली टेम्सच्या दक्षिणेला आले. ती घुमटाची इमारत आजही उभी आहे आणि १९३६ पासून तिच्यात युद्धाचे संग्रहालय आहे. वेडे हलवून तिथे तोफा ठेवल्या, यावर काय बोलावे? १९३० साली इस्पितळ आजच्या जागी आले.

मूरफील्ड्सच्या त्या वाड्यात लंडनचे लोक वेड्यांची गंमत पाहायला येत. दारातल्या पेटीत नाणे टाकायचे आणि आत हिंडायचे. अशी मुक्त ये-जा १७७० साली बंद झाली. पण पाहणाऱ्यांचे डोळे गेले म्हणून साखळ्या गेल्या नाहीत. १८१४ साली जेम्स नॉरिस नावाचा रोगी तिथे लोखंडी पट्ट्यांनी खांबाला जखडलेला सापडला. दहा वर्षांहून अधिक काळ तो तसाच होता. त्याच्यावरून पार्लमेंटात चौकशी झाली.

बाहेर आलो आणि बाकावर बसून राहिलो. दुपारी पुतणी डबा घेऊन आली. पोळी, बटाट्याची भाजी आणि लिंबाचे लोणचे. मी म्हटले, "बाळ, तुझं काम म्हणजे नेमकं काय गं? औषधांच्या पुड्या बांधतेस?"

ती हसली. "पुड्या बांधणारे वेगळे, काका. माझं काम विचारायचं."

मग तिने सांगितले. रोग्याचे नाव-गाव तिने काढले नाही. तो तिच्या धंद्याचा धर्म. नवा माणूस वॉर्डात दाखल झाला की एक-दोन दिवसांत ती त्याची औषधे जुळवते. त्याच्या नेहमीच्या डॉक्टरांकडची नोंद, त्याने घरून आणलेली पिशवी, घरच्यांचे सांगणे आणि त्याचे स्वतःचे म्हणणे, ही चार तोंडे. ती चारही सहसा एकमेकांशी जुळत नाहीत. डॉक्टरांच्या कागदावर दोन गोळ्या, पिशवीत पाच, आणि माणूस म्हणतो, मी तर महिनाभर एकही घेतली नाही! खरे कुठले, ते ठरल्याशिवाय पुढचे औषध देणे म्हणजे अंधारात पाऊल टाकणे.

दर आठवड्याच्या राउंडला डॉक्टर, नर्स यांच्याबरोबर तीही बसते. दोन औषधे मिळून मात्रा हद्दीबाहेर तर जात नाही ना, ते पाहते. कायद्याने अडकवून ठेवलेल्या रोग्याची आणखी एक बाब असते. तिकडच्या १९८३ च्या कायद्याप्रमाणे तीन महिन्यांनंतर अशा रोग्याला मनाच्या आजाराचे औषध द्यायचे, तर एक तर त्याच्या संमतीचा नाही तर बाहेरच्या डॉक्टरच्या मंजुरीचा दाखला लागतो. त्या दाखल्यात बसत नाही असे औषध तक्त्यावर दिसले, की ती ते तिथेच अडवते.

"आणि क्लोझापीन असलं की माझे प्रश्न वाढतात," ती म्हणाली. इतर औषधांना दाद न देणाऱ्या स्किझोफ्रेनियावर हे औषध चालते. पण १९७५ साली फिनलंडमध्ये ते घेणाऱ्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटून काही रोगी दगावले, आणि औषध बहुतेक ठिकाणी मागे पडले. इंग्लंडात १९९० साली ते आले ते रक्ततपासणीच्या अटीवर. पहिले अठरा आठवडे दर आठवड्याला, मग वर्ष पुरे होईपर्यंत पंधरवड्याला, पुढे चार आठवड्यांनी. निकाल रस्त्यावरच्या दिव्यांसारखा येतो. हिरवा म्हणजे द्या, पिवळा म्हणजे सांभाळा, लाल म्हणजे थांबवा.

"पण रक्तात सगळं दिसत नाही ना! म्हणून मी विचारते, सिगारेट किती ओढता? सिगारेटच्या धुरानं हे औषध शरीरात लवकर संपतं. वीस सिगारेटी ओढणारा माणूस इथे आला आणि त्याची सिगारेट सुटली, की तीच गोळी त्याला जास्त होते. घरी जाऊन पुन्हा ओढायला लागला, की कमी पडते. मग विचारते, शौचाला कधी झालं? या औषधानं आतडी मंदावतात, आणि त्यानंही माणूस दगावू शकतो. दोन दिवसांहून जास्त गोळी चुकली का? चुकली असेल तर पुन्हा अगदी थोड्यापासून चढवावी लागते. रात्री उशी लाळेनं भिजते का? लाजतात माणसं, सांगत नाहीत. आणि एके दिवशी त्यापायीच औषध सोडून देतात."

मी ऐकत होतो. जिथे पूर्वी लोक पैसे देऊन वेड्यांकडे बघायला येत, तिथे आता पगार देऊन विचारपूस करणारे माणूस ठेवले आहे, एवढे मनाशी म्हणालो. आणि मग तिने लिथियमचे नाव काढले. माझा घास हातातच राहिला.

अण्णा शाळेत चित्रकलेचे शिक्षक होते. दिवाळीचा आकाशकंदील आमच्याकडे कधी विकत आला नाही. काड्या तासण्यापासून झिरमिळ्यांपर्यंत सगळे अण्णांच्या हातचे. पण त्यांना आजार होता. दोन महिने झोप नाही, बडबड, उधारीवर खरेदी. मग चार महिने भिंतीकडे तोंड करून पडून राहणे. लिथियमने ते सावरले आणि बरीच वर्षे चांगले राहिले. जॉन केड नावाच्या ऑस्ट्रेलियन डॉक्टरने १९४९ साली या औषधाचा गुण जगाला दाखवला. तो एक क्षार आहे, आपल्या मिठाचा भाऊबंदच. आम्ही मात्र आल्यागेल्याला सांगत असू, "अण्णांना ब्लडप्रेशरच्या गोळ्या आहेत."

१९९८ च्या एप्रिलमध्ये त्यांचे गुडघे धरले. मी त्यांना एका दवाखान्यात घेऊन गेलो. बरोबर पुतणी होती, दहा वर्षांची. बाहेरच्या बाकावर आमच्या ओळखीची दोन माणसे बसलेली, मधला दरवाजा उघडा. डॉक्टरांनी व्यवस्थित विचारले, "आणखी कुठली औषधं चालू आहेत?" अण्णा माझ्याकडे पाहू लागले. मी म्हणालो, "नाही, काही नाही."

डायक्लोफेनॅकच्या गोळ्या मिळाल्या. त्यात मीच घरी सांगितले, की सूज आहे तर अण्णांना बिनमिठाचे वाढा. वर एप्रिलचा घाम. पंधरवड्यात त्यांचे हात थरथरू लागले, जीभ जड झाली, चाल अडखळू लागली. शेजाऱ्यांना वाटले, पितात. आम्हांला वाटले, जुना आजार उलटला. इस्पितळात न्यायला आम्ही उशीर केला. जीव वाचला, पण हाताचा कंप आणि चालीचा तोल कायमचा गेला. पुढची दिवाळी आली तेव्हा काड्या पुतणीने तासल्या; अण्णा खुर्चीत बसून सांगत होते. २०११ साली ते गेले.

"मूत्रपिंडाला लिथियम आणि मीठ यांतला फरक नीट कळत नाही, काका," पुतणी शांतपणे सांगत होती. "अंगातलं मीठ कमी झालं की ते मिठाबरोबर लिथियमही धरून ठेवतं. त्यावर सांधेदुखीची तसली गोळी पडली की आणखीनच साठतं. रक्तात ते साधारण ०.६ ते १.० असावं. दीडच्या वर गेलं की विषबाधा समजायची. फार मोठं अंतर नाही ते."

मी म्हणालो, "त्या दिवशी दवाखान्यात तू होतीस."

"होते."

"मी काय बोललो ते ऐकलंस?"

"ऐकलं, काका. आणि खोटं आहे हेही मला कळलं. पण मोठी माणसं बोलत असताना मधे बोलायचं नसतं, असं आपल्या घरात शिकवलं होतं." तिने डब्याचे झाकण लावले. "पुष्कळ वर्षं मला तुमचा राग होता. मग इथे आले. रोज कुणीतरी माझ्यासमोर 'नाही, काही नाही' म्हणतं. आई मुलापुढे म्हणते, नवरा बायकोपुढे म्हणतो. म्हणून मी एकदा विचारून थांबत नाही. दार लावते आणि पुन्हा विचारते."

मला काय बोलावे सुचेना. ती घड्याळ पाहून उठली. दोन वाजता तिचा राउंड होता. जाताना म्हणाली, "स्टेशनापर्यंत सावकाश जा. आणि पाणी प्या, ऊन आहे."

तर वाचकहो, कट्ट्यावर मंडळी हसली तेव्हा मी हे सगळे त्यांना सांगितले. लिथियमचे नाव घेऊन आणि माझे 'नाही, काही नाही' न वगळता सांगितले. पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच. हसणे थांबले. थोड्या वेळाने एकेक जण उठून गेला. "परत कसं सोडलं" म्हणणारा तेवढा बसून राहिला. आजूबाजूला कोणी नाही असे पाहून त्याने खिशातून एक गोळ्यांची पट्टी काढली आणि हलक्या आवाजात म्हणाला, "ही माझ्या मुलाची आहे. सहा वर्षं घेतोय. आता त्याला पाठदुखीवर दुसरी दिलीय. चालेल का रे दोन्ही?"

"मला ठाऊक नाही," मी म्हणालो. "पण उद्या सकाळी दोन्ही पट्ट्या घेऊन त्याच्या डॉक्टरांकडे जाऊ. मी येतो बरोबर. आणि आत गेल्यावर आधी दार लावून घेऊ."