डोंगर कोणाचा?

निसर्ग सगळ्यांचा असतो, हे वाक्य आम्हाला कधीच पटले नाही. इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या कामगारांनाही ते पटले नसते.

शेफिल्ड हे पोलादाचे, सुऱ्या-कात्र्यांचे शहर. डॉन नदीच्या काठाने भट्ट्या आणि धूर. पश्चिमेला काही मैलांवर पीक डिस्ट्रिक्टची उंच माळराने, ऑगस्टमध्ये हीदरच्या फुलांनी जांभळी होणारी. पण ती जमीनदारांनी ग्राउस पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखलेली. आठवडाभर राबलेला माणूस रविवारी तिथे गेला की रखवालदार हाकलून लावत. २४ एप्रिल १९३२ रोजी मँचेस्टर आणि शेफिल्डकडचे शेकडो तरुण बंदी मोडून किंडर स्काउटवर चढले. पाच जणांना तुरुंगवास झाला. १९५१ मध्ये पीक डिस्ट्रिक्ट ब्रिटनचे पहिले राष्ट्रीय उद्यान झाले. मोकळ्या माळरानांवर फिरण्याचा सर्वसाधारण हक्क मात्र २००० सालच्या कायद्याने दिला.

इथे महाड आठवणारच. त्याच्या पाच वर्षे आधी, २० मार्च १९२७ रोजी, बाबासाहेब चवदार तळ्याचे पाणी प्याले. पण दोन्ही लढे सारखेच, असे आम्ही म्हणणार नाही. तिथे मालकी आडवी आली, इथे जात. चवदार तळे सार्वजनिक होते, नगरपालिकेने ठराव करून सर्वांना खुले केलेले. तरी आपल्या माणसांवर हल्ले झाले. आणि कामगार उतरून गेल्यावर किंडर स्काउटचे कोणी गोमूत्राने 'शुद्धीकरण' केले नाही.

म्हणून 'निसर्ग वाचवा' म्हणणाऱ्यांना आम्ही आधी विचारतो: तिथवर जाणारी वाट कोणाकोणासाठी मोकळी आहे?

जय भीम.