आशा कोणावर ठेवावी?

निवडणूक आली की मोरिवलीच्या वस्त्यांतून एकामागून एक प्रचाराच्या गाड्या फिरू लागतात. छायाचित्र बाबासाहेबांचेच, खालचे नेत्याचे नाव तेवढे निराळे. ‘आपण यांतले कोणाचे?’ असे मुले विचारतात, तेव्हा आम्हां पालकांना उत्तर देणे जड जाते.

बाबासाहेबांच्या संकल्पनेतील रिपब्लिकन पक्ष 3 ऑक्टोबर 1957 रोजी नागपुरात स्थापन झाला. महापरिनिर्वाणाच्या दुःखात बुडालेल्या समाजाला त्याने आधार दिला. थोड्याच वर्षांत पक्षात फूट पडली. तरीही डिसेंबर 1964 मध्ये कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांनी भूमिहीनांच्या सत्याग्रहाची हाक दिली, तेव्हा लाखो स्त्री-पुरुषांनी तुरुंगवास पत्करला. कसायला जमीन हवी, ही मागणी त्यांच्या स्वतःच्या पोटातून आलेली होती. गट फुटले, तरी आपल्या प्रश्नाला हात घालणाऱ्या कामावरची लोकांची आशा फुटली नव्हती.

संविधान सभेतील 25 नोव्हेंबर 1949 च्या भाषणात बाबासाहेबांनी राजकारणातील विभूतिपूजेविरुद्ध इशारा दिला होता. चळवळीच्या आरंभी, 1925 मध्येच, त्यांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडले होते. आपल्या निवासी शाळेचे नाते आम्ही त्या वसतिगृहाशी जोडतो. येथून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांनी नेत्याला साथ जरूर द्यावी; मात्र त्याच्याकडे कामाचा हिशेब मागण्याचे धैर्यही सोबत न्यावे, हीच आमची मंगल कामना.